गजभिये मॅडम ज्या वाक्यावर थांबल्या

२०१७च्या जूनमध्ये माझी बदली नागपूरला झाली. मी मूळचा विट्याचा, सांगली जिल्ह्यातला. तोवरची सगळी नोकरी सातारा, बार्शी, इचलकरंजी अशा टापूत गेलेली. अतिरिक्त सत्र न्यायाधीश म्हणून सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टात पहिल्या दिवशी खुर्चीत बसलो, तेव्हा खालच्या टेबलाशी कॉम्प्युटरसमोर पन्नाशी ओलांडलेल्या एक ठेंगण्या, सावळ्या बाई बसल्या होत्या. बारीक काठाची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. त्या माझ्या स्टेनो, पुष्पलता गजभिये. अख्खं कोर्ट त्यांना गजभिये मॅडम म्हणे. मीही तेच म्हणू लागलो.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उन्हात उभं केलं. संध्याकाळी काम संपल्यावर त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, गाडी येऊन राहिली."

मी समजलो, गाडी येऊन थांबली आहे. फायली उचलल्या आणि खाली जाऊन उभा राहिलो. गाडीचा पत्ता नाही. नागपूरचं जूनमधलं ऊन संध्याकाळी साडेपाचलाही डोक्यावर बसतं. पंधरा मिनिटांनी गाडी आली तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता. दुसऱ्या दिवशी मी जरा घुश्शातच विचारलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"मी कुठं म्हटलं आली म्हणून? येऊन राहिली म्हटलं. म्हणजे येते आहे. रस्त्यात आहे."

"मग येते आहे असं म्हणावं ना!"

"इथं असंच म्हणतात जी. मी जेवून राहिली, तो झोपून राहिला. तुमच्याकडं जेवतो आहे म्हणतात, आमच्याकडं जेवून राहिलो." मग म्हणाल्या, "होईल सवय. आधीच्या साहेबांना दोन वर्षं लागली."

मॅडम नागपूरच्याच, इंदोरा वस्तीतल्या. वडील गिरणीत बदली कामगार, आई पार्वतीबाई विड्या वळायची. छप्पनच्या दसऱ्याला पार्वतीबाई थोरल्या मुलाला कडेवर घेऊन दीक्षेच्या मैदानावर उभी होती. गर्दीत चप्पल हरवली तरी घरी येईस्तोवर कळलं नाही, असं ती सांगायची. मॅडमचा जन्म त्यानंतर आठ वर्षांनी झाला. मुलीला टायपिंग शिकवायचं हे वडिलांनी ठरवलं त्यालाही एक कारण होतं. गिरणीतल्या मारामारीच्या एका खटल्यात त्यांना साक्षीला बोलावलं होतं. दिवसभर कोर्टात उभं राहून ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "तिथं सगळे उभे राह्यतात वं. वकील उभे, पोलीस उभे, मी उभा. फक्त जज बसते अन् लिहिणारा बसते. आपली पोट्टी लिहिणारी झाली पाहिजे."

मुलगी सायकलवरून महाल भागातल्या टायपिंगच्या क्लासला जाऊ लागली. इंदोऱ्याहून महाल म्हणजे जवळ नव्हे. मराठी लघुलेखनात मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली आणि १९८८ साली कोर्टात लागली. टपाल खात्यातल्या ताराचंद गजभियेंशी लग्न झालं, प्रताप नगरात दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, उन्नती नावाची मुलगी झाली, ती पुढे फार्मासिस्ट झाली. मी नागपूरला गेलो तेव्हा मॅडमची नोकरी तिशीला टेकली होती. माझ्याआधी चौदा न्यायाधीश त्यांच्या डोक्यावरच्या खुर्चीत बसून गेले होते. प्रत्येकाच्या सवयी त्यांना पाठ होत्या, पण त्याबद्दल त्यांच्या तोंडून कधी एक शब्द निघाला नाही. एकदा मी खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "एक साहेब निकालाच्या दिवशी जेवायचे नाहीत."

त्यांचा टायपिंगचा वेग मोठा होता, पण मला त्यांच्यातलं वेगळंच आवडायचं. त्या पडद्याकडे बघत नसत. बोटं आपली चालत आणि डोळे साक्षीदाराच्या चेहऱ्यावर असत. मी खाली मान घालून माझ्या वहीत टिपणं काढत असे. साक्षीदार काय बोलतो ते मी ऐकत होतो आणि तो कसा बोलतो ते गजभिये मॅडम बघत होत्या. अर्थात हे मला फार उशिरा उमगलं.

आपल्या कोर्टात साक्ष कशी लिहिली जाते हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. साक्षीदार त्याच्या बोलीत बोलतो. न्यायाधीश ते ऐकून नीटनेटकं वाक्य करतो आणि स्टेनोला सांगतो. ती टाइप करते. शेवटी ते साक्षीदाराला वाचून दाखवतात आणि तो सही किंवा अंगठा करतो. वरच्या कोर्टात जातो तो हा कागद. साक्षीदाराचा आवाज तिथवर पोचत नाही. आणि आपल्याकडे ज्युरी नाही. खरं कोण बोलतंय, गुन्हा कुणी केला, शिक्षा किती, हे सगळं खुर्चीत बसलेला एक माणूस ठरवतो. त्या माणसाच्या कानात काही कमी असेल, तर ती कमी भरून काढायला शेजारी कुणी नसतं.

२०१८च्या जानेवारीत माझ्यासमोर एक खुनाचा खटला उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी महालातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानासमोर पियूष नावाच्या बावीस वर्षांच्या मुलाला भोसकलं गेलं होतं. आरोपी दोन. पहिला विक्की, ज्याच्या हातात चाकू होता. दुसरा अश्विन, विक्कीचा मित्र. तिघेही एकाच गल्लीत वाढलेले. भांडण एका मोटारसायकलवरून झालं होतं. सरकार पक्षाचं म्हणणं असं, की अश्विनने पियूषला धरून ठेवलं आणि विक्कीने वार केला. दोघांचा इरादा एकच, म्हणून शिक्षाही एकच. अटक झाल्यापासून दोघेही तुरुंगात होते.

डोळ्यांनी पाहिलेली साक्षीदार एकच होती. सुभद्राबाई. कुही तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज सकाळी वांगी, भेंडी, पालक घेऊन ती महालात यायची आणि त्या दुकानासमोरच्या ओट्यावर बसायची. सत्तरीची, वाळकी, ठसठशीत आवाजाची बाई. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिने मला असा काही नमस्कार केला की मी नकळत हात जोडले.

सरकारी वकिलांनी विचारलं, काय पाहिलं ते सांगा. सुभद्राबाईने सांगितलं. बाचाबाची सुरू झाली. तिने त्या पोरांना हाकही मारली, "काहून भांडता गा?" कुणी ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "विक्कीनं चाकू काढला. अन् हा अश्विन त्याले धरून राहिला होता. तेवढ्यात लागला ना जी चाकू. पोट्टं तिथंच बसलं."

मी वहीत बघत मॅडमना सांगितलं, "विक्कीने चाकू काढला. त्या वेळी आरोपी क्रमांक दोन, अश्विन याने मयतास धरून ठेवले होते. विक्कीने चाकूने वार केला."

बोटं चालली. पोलिसांच्या जबाबात अगदी असंच वाक्य होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अश्विनचे वकील, मोफत कायदा सहाय्यातून नेमलेले, उलटतपासणीला उठले. त्यांनी अंतर विचारलं, उजेड विचारला, बाईंच्या डोळ्यांचा नंबर विचारला. त्या वाक्याला ते शिवलेच नाहीत. वकिलाची ती जुनी भीती मला माहीत आहे. उत्तर काय येईल ते ठाऊक नसेल तर प्रश्न विचारायचा नाही, उगाच खड्डा खोल व्हायचा.

साक्ष संपली. मॅडम कागद वाचून दाखवू लागल्या. सुभद्राबाई प्रत्येक वाक्याला "हो जी, हो जी" म्हणत होती. कोर्टाची भाषा ऐकली की खेड्यातली माणसं अशीच मान डोलावतात. आपल्याला कळलं नाही असं मोठ्या माणसांसमोर म्हणायचं कसं, हा त्यांचा संकोच. "...आरोपी क्रमांक दोन, अश्विन याने..." इथपर्यंत वाचून मॅडम थांबल्या.

मला वाटलं ठसका लागला. त्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"साहेब, हे वाक्य बाईंना एकदा विचारून घ्या जी."

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या स्टेनोने भर कोर्टात साक्षीच्या मध्ये असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी म्हणालो, "काय विचारायचं? त्या जे बोलल्या ते आलंय."

"तुम्ही जे सांगितलं ते आलं, साहेब."

सरकारी वकील झटकन उठले. "सर, माझी तीव्र हरकत आहे. स्टेनोला मध्ये बोलण्याचा अधिकार नाही. साक्ष पूर्ण झालेली आहे." त्यांचं चूक नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं. मी जेवणाची सुट्टी जाहीर केली, साक्षीदाराला थांबायला सांगितलं आणि उठून चेंबरमध्ये गेलो.

मॅडम मागोमाग आल्या. मी बसा म्हटलं नाही. त्या उभ्या राहिल्या.

"हे तुम्ही काय केलंत?" मी म्हणालो. "उद्या वर्तमानपत्रात येईल की स्टेनो कोर्ट चालवते."

"चूक झाली साहेब. पण गप बसली असती तर दुसरी, मोठी चूक झाली असती."

"कसली?"

त्यांनी पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळलं. "ती बाई 'धरून राहिला होता' बोलली. तुम्ही 'धरून ठेवले होते' लिहायला सांगितलं. धरून ठेवणं निराळं जी. धरून राहिला होता म्हणजे धरत होता. धरायचं चाललं होतं त्याचं. गाडी येऊन राहिली म्हटलं तेव्हा गाडी आलेली नव्हती ना?"

मी खुर्चीत मागे टेकलो.

"अन् ती म्हणाली 'त्याले'. तुम्ही लिहिलं मयताले. तुम्ही वहीत पाहत होता, साहेब. मी तिच्याकडं पाहत होती. 'त्याले' म्हणताना तिनं हनुवटी उचलली अन् आरोपींच्या पिंजऱ्यातल्या विक्कीकडं दाखवली. मयताचा फोटो टेबलावर होता, तिकडं तिनं ढुंकून पाह्यलं नाही. आता तिच्या मनात काय आहे ते मले ठाऊक नाही. असंलही तुमचंच बरोबर. पण विचारा ना."

बाहेर जाताना दारात त्या वळल्या आणि जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी नवी होती तेव्हा एक माणूस बोलला होता, 'मी पाहून राहिलो होतो.' साहेबांनी लिहिलं, 'मी पाळत ठेवून होतो.' चोरांचा साथीदार ठरला तो. तीन वर्षं. मी टाइप केलं अन् गप बसली. नोकरीला सहा महिने झाले होते. त्याची बायको बाहेर पायरीवर बसली होती, लाल पातळात. अजून दिसते."

मी डबा उघडला नाही. त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते इथे सांगणं मला सोपं नाही. आधी राग होता. मग लाज आली. कारण ती बोली मला आता कळत होती. रोज कानावर पडत होती. शिपाई म्हणायचा, चहा होऊन राहिला, आणि मी मुकाट वाट बघायचो. पण न्यायासनावर बसलं की मी पोलिसांच्या कागदातलं वाक्य आधीच कानात घालून बसत होतो. बाई बोलण्याआधीच मी ऐकून मोकळा झालो होतो. दुसऱ्या कुणाला विचारावं म्हटलं तर कुणाला? दोन्ही वकील आपापल्या बाजूचे. निर्णय माझ्या एकट्याचा आणि चूकही माझ्या एकट्याची.

न्यायाधीशाला साक्षीदाराला कुठलाही प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. अडीच वाजता मी बसलो, सरकारी वकिलांची हरकत नोंदवून घेतली आणि सुभद्राबाईला विचारलं, "बाई, अश्विन त्याले धरून राहिला होता, असं तुम्ही म्हणालात. कोणाले?"

माझ्या तोंडचं 'कोणाले' ऐकून मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

सुभद्राबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "कोणाले म्हंजे? विक्कीले! चाकू त्याच्याच हातात होता ना जी? ज्याच्याजवळ चाकू नाही त्याले धरून काय करन तो?"

"कसं धरत होता ते दाखवाल?"

ती पिंजऱ्यातून उतरली आणि दारातल्या शिपायाला म्हणाली, "ये गा, हात वर कर." शिपायाने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने हात उचलला. म्हातारीने मागून जाऊन त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडायचा प्रयत्न केला, हात निसटला, पुन्हा पकडला. "असा. सुटे, मंग पकडे. सुटे, मंग पकडे. 'नको विक्की, नको विक्की' म्हणून राहिला होता. नाही आवरला त्याच्यानं."

सरकारी वकिलांनी विचारलं, "मग पोलिसांना तुम्ही धरून ठेवलं असं का सांगितलं?"

"पोलिसाले बी मी हेच सांगितलं, बाप्पा. त्यानं काय लिहिलं ते मले काय माहीत? मले वाचता येते का?"

आरोपींच्या पिंजऱ्यात अश्विन खाली बसला होता. आरोपीने बसायचं नसतं, पण त्याला उठा म्हणायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही. मी पुरावे पुन्हा काढले. अटकेच्या दिवशीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या उजव्या तळहातावर आडवी जखम नोंदलेली होती. ती झटापटीत झाली असावी, एवढं म्हणून सगळ्यांनी पान उलटलं होतं. मीसुद्धा.

मॅडमनी नवी वाक्यं टाइप केली. या वेळी मी बाईचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घ्यायला सांगितले. वाचून दाखवल्यावर सुभद्राबाई पहिल्यांदाच "हो जी" न म्हणता म्हणाली, "हां, आता बरोबर."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कोर्टात त्या दिवशी आणखी एक बाई बसली होती. पियूषची आई, गोपिकाबाई. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलाच्या एका मारेकऱ्याला कुणीतरी सोडवत होतं. तिला तसंच दिसणार. आठ दिवसांत प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे तिच्या नावाने तक्रार गेली की स्टेनो आरोपीला फितूर आहे, तिनेच साक्ष फिरवली. मॅडमकडून खुलासा मागवला गेला. मी माझा अहवाल पाठवला. चूक माझी होती आणि ती वेळेवर दाखवून दिल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. तरी चौकशी संपेपर्यंत त्यांना माझ्या कोर्टातून काढून नकला देण्याच्या विभागात बसवलं. रीतच तशी आहे. कुणावर दोष ठेवायचा नाही.

त्यांनी टेबलाच्या खणातून चष्म्याची डबी, सुपारीचा डबा आणि एक लहान उशी काढली, पिशवीत भरली आणि गेल्या. मी म्हणालो, "मॅडम, माझ्यामुळे हे झालं."

"बसूनच काम आहे तिथं पण, साहेब," त्या म्हणाल्या. आणि खरोखर हसल्या.

सहा महिने त्या तळमजल्यावर निकालपत्रांच्या नकला करत होत्या. त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. हुशार होती, पण तिचे डोळे पडद्यावर असत. मी मात्र वहीत टिपणं घेणं बंद केलं. साक्षीदाराकडे बघत बसायचो. कामाचा वेग कमी झाला, वकील कुरकुरले.

जुलैत मी निकाल दिला. त्यासाठी दोन रविवार सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून अक्षरन् अक्षर स्वतः हाताने लिहिलं. विक्कीला जन्मठेप. अश्विन निर्दोष. दोन वर्षं चार महिने तो आत होता. निकाल वाचल्यावर तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग त्याचा बाप पुढे झाला आणि पोलिसाने साखळी सोडायच्या आधीच त्याचा तो हात त्याने दोन्ही हातांत घेतला.

पुढची हकीकत मला नक्कल विभागाच्या अधीक्षकांनी सांगितली. मॅडम स्वतःहून कधीच बोलल्या नसत्या.

निकालानंतर आठवड्याने गोपिकाबाई निकालपत्राची नक्कल मागायला आली. खिडकीमागे गजभिये मॅडम. दोघींनी एकमेकींना ओळखलं. अधीक्षक म्हणतात, मला वाटलं आता तमाशा होणार, म्हणून मी उठलोच होतो. पण गोपिकाबाईने अर्ज पुढे सरकवला आणि मॅडमनी शिक्का मारला. बेचाळीस पानं होती. ती हातात घेऊन बाई तिथेच उभी राहिली. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिला अक्षरं जुळवता येत होती, पण एवढं सगळं वाचणं तिच्या आवाक्याबाहेर होतं.

मॅडम खिडकीमागून उठल्या, दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बस वं बाई. मी वाचून दाखवतो."

व्हरांड्यातल्या बाकावर त्या दोघी बसल्या. मॅडमनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. कोर्टाची वाक्यं वाचायची, मग आपल्या बोलीत सांगायची. साहेब असं म्हणतात. डॉक्टरनं हे सांगितलं. वार एकच होता, खोल होता, फार वेळ त्रास झाला नसावा. तिथे गोपिकाबाईने तोंडावर पदर घेतला, आणि मॅडम तिने मान वर करेपर्यंत थांबल्या. मग सुभद्राबाईची साक्ष आली. ती मॅडमना वाचावी लागली नाही, तोंडपाठ होती.

बऱ्याच वेळाने गोपिकाबाई म्हणाली, "म्हंजे त्या पोट्ट्यानं माह्या लेकाले वाचवाले पाह्यलं?"

"हो वं."

"हात कापला त्याचा?"

"हो. त्याच्यातच कापला."

"लहानपणी माह्या घरीच राहे तो. पोळ्या खाऊन जाये." तिने पदराने तोंड पुसलं. "दोन वर्षं मी त्याच्या मायेच्या दारावर थुंकत होती."

अधीक्षक म्हणतात, साडेपाच वाजून गेले तरी दोघी तिथेच होत्या. जाताना गोपिकाबाईने विचारलं, "तक्रार मागं घ्याची असंल तं कोणाले भेटू?" मॅडम म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या जागी मी असती तर मी पण केली असती."

तरी तिने ती मागे घेतली. ऑगस्टमध्ये मॅडम माझ्या कोर्टात परत आल्या. उशी पुन्हा खुर्चीवर आली.

त्यानंतर एका शनिवारी काम लवकर संपलं होतं. शिपायाने चहा आणला, मी मॅडमना चेंबरमध्ये बसवलं. आणि मनात बरेच दिवस घोळत होतं ते बोललो. म्हणालो, "पूर्वी काही ठिकाणी ज्युरी असायची, मॅडम. गावातली माणसं बसवायचे, ती ठरवायची दोषी की निर्दोष. पुढे ते बंद झालं. पण मला वाटतं, तशी चार-सहा नागपूरची माणसं माझ्या शेजारी असती, तर सुभद्राबाईचं म्हणणं त्यांना एका क्षणात कळलं असतं."

मॅडमनी बशीत चहा ओतला. "त्या ज्युरीत सुभद्राबाई बसली असती का जी?"

"नाही. बहुतेक नाही. शिकलेली, बऱ्यापैकी घरातली माणसं घ्यायचे."

"माझा बाप बसला असता? गिरणीतला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग तुम्हीच बरे," त्या म्हणाल्या. "सहा जण असते तर मी कोणाकोणाला सांगत बसली असती? एकाला सांगितलं, एकानं ऐकलं. फक्त एकटं बसलं की माणसानं विचारत राहावं लागतं साहेब. लाज नाही धरायची." मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "अन् तुम्ही परवा निकालात 'निष्पन्न' चुकीचं लिहिलं होतं. मी दुरुस्त केलं."

२०२० साली माझी बदली झाली. निरोपाच्या कार्यक्रमात वकील मंडळींनी शाल, नारळ, भाषणं सगळं केलं. मॅडम मागच्या रांगेत होत्या. त्यांनी मला घरून आणलेली, कोथिंबीर भरलेली सांबारवडी दिली, स्टीलच्या डब्यात, आणि डबा परत पाठवायची गरज नाही असं बजावलं.

त्या २०२२ मध्ये निवृत्त झाल्या, मी त्याच्या पुढच्या वर्षी. गेल्या डिसेंबरात एका नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरला, रामदासपेठेतल्या एका इस्पितळात गेलो होतो. तिथून प्रताप नगर फार लांब नाही. फोन केला, पत्ता घेतला. ताराचंदरावांनी दार उघडलं. बैठकीत पाच-सहा बाया चटईवर बसल्या होत्या, प्रत्येकीच्या हातात काही ना काही कागद. कुणाचा वारसाचा दाखला, कुणाचं पोटगीचं समन्स, कुणाच्या मुलाच्या जामिनाचा आदेश. मॅडम खुर्चीत, चष्म्याला तीच दोरी. एका बाईला त्या ओळ वाचून दाखवत होत्या आणि मग विचारत होत्या, "समजलं का? नाही समजलं तर नाही म्हण वं. हो हो नको करू."

मला बघून त्या उठल्या, पण मी हातानेच बसा म्हटलं. त्यांनी त्या बायांना माझी ओळख करून दिली. "हे माझे साहेब. साताऱ्याकडचे."

"विट्याचा," मी म्हणालो. "सांगली जिल्हा."

"तेच ते," मॅडम म्हणाल्या. बाया हसल्या, थोड्या सरकल्या आणि मीही चटईवर बसलो. ताराचंदराव आत चहा टाकायला गेले.